भास्कराचार्य आणि अंकपाश

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे एकामागून एक लागतात. त्यांतील उल्हासनगर सर्वांत नवे. देशाच्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली हे नाव मिळाले. अंबरनाथ मात्र फार जुने आहे. तेथे वालधुनी नदीच्या काठी शिलाहार राजांच्या काळचे एक शिवमंदिर उभे आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये मुम्मुणिराजाच्या कारकिर्दीत ते पूर्ण झाल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. मंदिराचे गर्भगृह सभामंडपाहून खोल असून पायऱ्या उतरून आत जावे लागते. बाहेरच्या भिंती देवदेवतांच्या मूर्तींनी भरून गेल्या आहेत. नऊशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन त्या मूर्ती झिजल्या आहेत; तरी त्यांचे सौंदर्य लोपलेले नाही.

जुन्या मूर्ती पाहताना कोणत्या हातात कोणते आयुध आहे, याकडे जाणकार माणूस प्रथम लक्ष देतो. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतात. परंतु सर्वच मूर्तींत त्यांचा क्रम सारखा नसतो. एका मूर्तीत चक्र ज्या हातात असते, त्या हातात दुसऱ्या मूर्तीत गदा असते. देव तोच, आयुधेही तीच. पण हात बदलले की मूर्ती निराळी होते आणि तिचे नावही बदलते. मग अशा निराळ्या मूर्ती एकंदर किती होतील? मूर्तिकाराने हा प्रश्न छिन्नीने सोडवायचे म्हटले तर त्याचा जन्म त्यातच सरेल. अंबरनाथचे मंदिर पूर्ण झाल्यानंतर चौपन्न वर्षांनी सह्याद्रीच्या आश्रयाने एक बालक जन्माला आले. मोठेपणी त्याने हाच प्रश्न आपल्या ग्रंथात घातला आणि त्याचे उत्तर दोन ओळींत मावेल इतके सोपे करून दाखविले. हे बालक म्हणजेच पुढे भारतभर कीर्ती पावलेले भास्कराचार्य होत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. जुन्या काळच्या बहुतेक ग्रंथकारांचा काळ तर्कानेच ठरवावा लागतो. भास्कराचार्यांचे तसे नाही. आपला जन्मशक आणि ग्रंथ रचला त्या वेळचे आपले वय त्यांनी स्वतःच नोंदवून ठेविले आहे. गणिती माणसाला शोभेल असेच हे झाले! त्यांचे गोत्र शांडिल्य आणि गाव विज्जडविड. हे गाव सह्याद्रीच्या पर्वतराजीत होते, असे ते सांगतात. ते नेमके कोणते, याविषयी पंडितांत एकमत नाही. कोणी विजापूरकडे बोट दाखवितात, तर कोणी बीडकडे. परंतु जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे जे ठिकाण आहे, तेथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा एक शिलालेखच सापडला असल्यामुळे पाटणच्या बाजूचे पारडे जड वाटते. त्या शिलालेखाची हकीकत पुढे येईल.

या घराण्यात विद्या पिढ्यान् पिढ्या नांदत होती. भास्कराचार्यांच्या पूर्वजांपैकी एकाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषशास्त्राचे मोठे जाणकार होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू झाले. त्या काळी छापील पुस्तके नव्हती. गणिताचे नियमसुद्धा श्लोकांत गुंफलेले असत आणि विद्यार्थी ते मुखोद्गत करीत. पाटीवर धूळ पसरून तीवर बोटाने किंवा काडीने आकडे मांडावयाचे, गणित झाले की हाताने पुसून टाकावयाचे आणि पुढचे मांडावयाचे, अशी रीत होती. धुळीत मांडलेले क्षणात पुसले जाते. म्हणून जे टिकवावयाचे ते पाठांतरातच टिकवावे लागे. सहाशे वर्षांपूर्वीचे आर्यभट आणि पाचशे वर्षांपूर्वीचे ब्रह्मगुप्त अशाच रीतीने बाल भास्करापर्यंत येऊन पोहोचले होते.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला मुख्य ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. पहिला लीलावती; त्यात अंकगणित आणि भूमिती येते. दुसरा बीजगणित. तिसऱ्या ग्रहगणितात ग्रहांची गती कशी मोजावी ते सांगितले आहे, आणि चौथ्या गोलाध्यायात पृथ्वी व आकाशगोल यांचे विवेचन आहे. श्लोकात नियम सांगून भास्कराचार्य थांबत नाहीत. ग्रहगणित आणि गोलाध्याय यांवर त्यांनी स्वतःच टीका लिहिली असून तीत नियमामागील कारण उलगडून दाखविले आहे. या कारणाला आपल्याकडे उपपत्ती म्हणतात. उपपत्ती ठाऊक नसलेला गणिती भास्कराचार्यांच्या लेखी अपुरा होता.

या चारही भागांत लीलावती सर्वांत लोकप्रिय झाली आणि त्याचे कारण तिच्यातील उदाहरणे होत. बत्तीस हात उंचीचा एक वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो कोठे मोडला? बारा हातांवर. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे. मोराने झडप घातली आणि दोघांनी सारखेच अंतर काटले, तर ते बिळापासून किती अंतरावर भेटले? येथेही बारा हातांवरच. भुंगे, हंस, कमळे, व्यापारी या सर्वांना भास्कराचार्यांनी गणितात आणून बसविले आहे.

ग्रंथाच्या नावावरून एक कथा सांगण्यात येते. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा मुहूर्त दाखविणाऱ्या घटिकापात्रात एक मोती पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. तेव्हा तिच्या सांत्वनासाठी पित्याने हा ग्रंथ लिहिला, अशी ती कथा आहे. ती हृदयस्पर्शी आहे खरी. परंतु भास्कराचार्यांच्या ग्रंथात तिचा मागमूसही नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आढळते, आणि तोपर्यंत मूळ ग्रंथाला चारशेहून अधिक वर्षे लोटली होती. तेव्हा ती कथा म्हणूनच ऐकावी.

लीलावतीच्या अगदी शेवटी अंकपाश नावाचे एक छोटेसे प्रकरण आहे. पाश म्हणजे फास. आकड्यांच्या जागा बदलल्या असता किती निरनिराळ्या संख्या होतात, हा त्याचा विषय. नाव मोठे नेमके आहे. येथे गुणाकार कोणता, भागाकार कोणता, वर्ग की घन, असे काहीच विचारलेले नाही. तरी गर्वाने फुगलेला गणिती या फासात पाय अडकून पडतोच, अशी मिस्कील सूचना देऊन भास्कराचार्यांनी ग्रंथ आटोपता घेतला आहे.

फास कसा आहे, ते आपल्या जवळच्या उदाहरणावरून पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नावे एका फळीवर ओळीने लिहावयाची आहेत. ती किती क्रमांनी लिहिता येतील? पहिल्या जागी तिघांपैकी कोणतेही नाव चालेल. म्हणजे तीन मार्ग झाले. पहिले नाव ठरले की दुसऱ्या जागेसाठी दोनच नावे उरतात. तिसऱ्या जागेला निवड उरतच नाही, राहिलेले नाव मुकाट्याने तेथे जाते. म्हणून तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे सहा क्रम झाले. भास्कराचार्यांचा नियमही हाच आहे. जितक्या जागा असतील तितक्यापर्यंत एक, दोन, तीन असे अंक मांडावेत आणि त्यांचा गुणाकार करावा. यादी करण्याचे कारण नाही, आणि यादीत एखादा क्रम राहून गेला की काय, ही धास्तीही नाही.

येवढ्यावर ते समाधान मानीत नाहीत. ३, ९ आणि ८ या अंकांपासून सहा संख्या होतात. त्या सहाही संख्यांची बेरीज किती, असे ते पुढे विचारतात. ही बेरीजसुद्धा संख्या न लिहिता करावयाची! प्रत्येक अंक एककाच्या घरात दोनदा येतो, दशकाच्या घरात दोनदा आणि शतकाच्या घरातही दोनदाच. तीन अंकांची बेरीज वीस. तिची दुप्पट चाळीस. हे चाळीस एकक, दशक आणि शतक अशा तिन्ही घरांत मांडून मिळविले की ४४४० हे उत्तर येते. कोणाला शंका असेल तर त्याने सहाही संख्या लिहून बेरीज करून पाहावी. यानंतर मात्र भास्कराचार्य २ पासून ९ पर्यंतचे आठ अंक देतात. त्यांपासून ४०,३२० संख्या होतात आणि त्या सर्वांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६० भरते. चाळीस हजार संख्या धूळपाटीवर कोण लिहीत बसणार? येथे यादी करणारा हरतो आणि कारण जाणणारा पार पडतो. काही अंक सारखे असतील तर काय करावे, हेही त्यांनी सांगितले आहे. २, २, १, १ या चार अंकांपासून चोवीस नव्हे, तर सहाच संख्या होतात. कारण दोन सारख्या अंकांची अदलाबदल केली तरी संख्या बदलत नाही.

याच प्रकरणात मूर्तींचा प्रश्न आला आहे. हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख ही चार आयुधे परस्परांत बदलून दिली, तर मूर्तिभेद किती? एक गुणिले दोन गुणिले तीन गुणिले चार, म्हणजे चोवीस. केशव, नारायण, माधव, गोविंद येथपासून श्रीकृष्णापर्यंत विष्णूची चोवीस नावे संध्येत उच्चारण्याची परंपरा आहे. त्या चोवीस नावांच्या चोवीस मूर्ती मूर्तिशास्त्रात सांगितल्या असून त्यांत आयुधांचे क्रम निरनिराळे असतात. चोवीस हाच आकडा का, पंचवीस का नाही, याचे उत्तर अंकपाशात मिळते. पंचविसावा क्रम असूच शकत नाही.

मग भास्कराचार्य शंभूकडे वळतात. शंभूला दहा हात आणि दहा आयुधे: पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. हात चारांचे दहा झाले, म्हणजे अडीच पट झाले. मूर्तिभेदही अडीच पट, म्हणजे साठ होतील, असे उतावीळ माणसाला वाटेल. प्रत्यक्षात ते ३६,२८,८०० होतात! दररोज एक मूर्ती घडविली तरी सर्व मूर्ती पुऱ्या होण्यास ९,९०० हून अधिक वर्षे लागतील. एका सेकंदाला एक, अशा वेगाने त्या नुसत्या पाहावयाच्या म्हटल्या तरी न झोपता, न जेवता बरोबर बेचाळीस दिवस लागतील. दहा हातांत येवढा विस्तार दडला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते बुद्धीने पाहावे लागते.

अशी मोजणी आपल्या देशात अगदीच नवी होती असे नव्हे. छंदःशास्त्रात लघू आणि गुरू अक्षरांच्या मांडण्या पूर्वीपासून मोजीत असत. वृत्ते शिकताना य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण तुम्ही पाठ करता. तीन अक्षरे आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे ते आठ झाले. भास्कराचार्यांनी ही विद्या गणितात आणून तिला स्वतंत्र प्रकरण दिले. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडितांनी आपल्या गणितकौमुदी या ग्रंथात अंकपाशाचा आणखी विस्तार केला.

या छोट्या प्रकरणातून निघणारी वाट आज फार दूरवर गेली आहे. तिचा थोडासा परिचय करून घेण्यासारखा आहे. भास्कराचार्यांनी क्रम किती ते मोजले. एका क्रमातून दुसऱ्या क्रमात जाण्यासाठी जी हालचाल करावी लागते, तिच्याकडे नंतरच्या गणितज्ञांनी लक्ष दिले. चार आयुधांच्या अशा हालचालीही चोवीसच आहेत. काहीही न हलविणे, ही एक. दोनच आयुधांची अदलाबदल करून बाकीची दोन तशीच ठेवणे, अशा सहा. तीन आयुधे गोल फिरविणे, म्हणजे पहिले दुसऱ्याच्या जागी, दुसरे तिसऱ्याच्या आणि तिसरे पहिल्याच्या जागी नेणे, अशा आठ. चारही गोल फिरविणे, अशा सहा. आणि दोन जोड्या करून दोन्ही जोड्यांत एकाच वेळी अदलाबदल करणे, अशा तीन. मिळवून पाहा, चोवीस भरतात.

आता यांपैकी काही हालचालींचा एक गट करावयाचा आहे. अट येवढीच की, गटातील एक हालचाल केली आणि तिच्या मागोमाग गटातीलच दुसरी केली, तर दोहोंचा मिळून होणारा बदलही गटातच असला पाहिजे. गटाबाहेर पाऊल पडता कामा नये. सर्वच हालचाली घेतल्या तर गट चोविसांचा होतो. पण केवळ दोघांची अदलाबदल करणारी एकही हालचाल गटात नको, असे ठरविले तर? गट एकदम निम्म्यावर येतो. तो बाराहून मोठा होऊच शकत नाही. त्या बारांत न हलविणे, तिघांचे आठ फेरे आणि जोड्यांच्या तीन अदलाबदली असतात. चौघांच्या फेऱ्यांना तेथे जागा नाही. चौघांचा फेरा आणि तिघांचा फेरा एका गटात आले, की ते दोघे मिळून दोघांची अदलाबदल घडवून आणतात आणि गट पुन्हा चोविसांवर जातो. बरे, तिघांचे फेरेही वर्ज्य केले तर? मग गटात चाराहून अधिक हालचाली मावत नाहीत. चोवीस, बारा, चार! लहान फेरे वगळीत गेले की गट असा झपाट्याने आकसतो. तीन गावांच्या नावांवरही हे करून पाहता येईल. दोघांची अदलाबदल वर्ज्य करून नुसती गोल फिरवीत राहिले, तर सहांपैकी तीनच क्रम हाती लागतात. उरलेले तीन कितीही फिरविले तरी येत नाहीत.

हा गटांचा विचार भास्कराचार्यांचा नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तो फ्रान्समधील एव्हारिस्त गाल्वा या तरुणाने पुढे आणला. समीकरणे केव्हा सुटतात आणि केव्हा सुटत नाहीत, याचे रहस्य त्याला हालचालींच्या गटांत सापडले. १८३२ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, द्वंद्वयुद्धात झालेल्या जखमेने त्याचा अंत झाला. त्यानंतर त्याच देशातील कामिय जोर्दां यांनी असे सिद्ध केले की, काही अटी पाळणाऱ्या गटात एखादा लहान फेरा शिरला, की तो गट सर्व हालचालींच्या निदान निम्म्यापर्यंत फुगल्यावाचून राहत नाही. परंतु एका देवाच्या हातांतील आयुधे बदलून क्रमच मोजण्याचा खेळ लीलावतीत मांडला गेला, तेव्हा गाल्वाच्या जन्माला साडेसहाशेहून अधिक वर्षे अवकाश होता.

बीजगणितात भास्कराचार्यांची बुद्धी याहूनही प्रखर दिसते. एका पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता पुन्हा वर्गसंख्याच यावी, असा लहानात लहान पूर्णांक शोधावयाचा होता. दिसावयास हे सोपे वाटते. उत्तर मात्र २२,६१,५३,९८० हे आहे आणि येणारी वर्गसंख्या १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग असते. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल नावाच्या पद्धतीने काढले. चाक फिरावे तशी या पद्धतीत तीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची असते आणि प्रत्येक फेऱ्यानंतर उत्तर जवळ येत जाते. १६५७ मध्ये फ्रान्समधील थोर गणिती फर्मा यांनी नेमका हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे टाकला. पाचशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत त्याचे उत्तर काढले गेले होते, याची त्यांच्यापैकी कोणासही कल्पना नव्हती.

गोलाध्यायात पृथ्वी वाटोळी असून तिला कोणाचा आधार नाही, असे प्रतिपादन आहे. वाटोळी आहे तर सपाट का दिसते? मोठ्या वर्तुळाचा लहानसा तुकडा सरळच दिसतो; माणूस लहान आणि पृथ्वी फार मोठी, म्हणून त्याला तिचा तेवढाच तुकडा दिसतो, असे समाधान त्यांनी केले आहे. वृद्धपणीही त्यांची लेखणी थांबली नाही. ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांची स्थाने थोडक्या आकडेमोडीत काढता यावीत, हा त्याचा हेतू होता.

ग्रंथ लिहिला म्हणजे तो टिकतोच असे नाही. ताडपत्रांना वाळवी लागते, घरे जळतात, राज्ये बुडतात. जी विद्या शिकविणारा आणि शिकणारा उरत नाही, ती पोथीत असूनही नाहीशी होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांवरही ही पाळी येणे अशक्य नव्हते. ती आली नाही, याचे मोठे श्रेय त्यांच्या वंशजांना दिले पाहिजे. पुत्र लक्ष्मीधर याला देवगिरीचा यादव राजा जैत्रपाळ याने आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. ज्ञानेश्वरांच्या भेटीस आलेले योगी चांगदेव ते हे नव्हत. राजदरबारी मान मिळवून हा नातू स्वस्थ बसला नाही. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणीसारखे ग्रंथ शिकविले जावेत, येवढ्याचसाठी त्याने पाटणला एक मठ स्थापन केला. मठ चालावयाचा म्हणजे अन्नवस्त्राची सोय हवी. यादवांचा मांडलिक, निकुंभ वंशातील सोइदेव याने शके ११२८ मध्ये मठाला दाने दिली आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही त्यांत भर घातली.

मठातून विद्यार्थी बाहेर पडले, पोथ्यांच्या नकला झाल्या, टीका लिहिल्या गेल्या. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. मग फैजीचे फारसी भाषांतर आले. १८१६ मध्ये जॉन टेलर यांचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापून निघाले आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुक यांचे भाषांतर प्रसिद्ध झाले. १९७९ आणि १९८१ मध्ये भारताने भास्कर या नावाचे दोन उपग्रह आकाशात सोडले. त्या नावात सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांचेही स्मरण होते.

पाटणचा मठ केव्हाच मोडून पडला. परंतु त्याच्या दानाचा शिलालेख तेथील भवानीमंदिरात राहिला. मुंबईचे विद्वान वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शोधून वाचला आणि १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळेच भास्कराचार्यांच्या पूर्वजांची आणि वंशजांची नावे आपणांस कळली. शिलालेखाचा पहिला भाग संस्कृत श्लोकांत असून त्यात राजांची आणि पंडितांची वंशावळ आहे. शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठीत आहेत, कारण त्या बाजारातल्या माणसांना कळावयास हव्या होत्या. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल, त्यावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला द्यावा आणि तेलाच्या घाण्यांनी मठासाठी पळीभर तेल काढून ठेवावे, असे त्या ओळींत कोरले आहे.